राणीसरकारांच्या मनोऱ्यावरचा ओळंबा

मित्रांनो, मी पितळेचा एक ओळंबा आहे आणि आता बराच जुना झालो आहे. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेले वजन. भिंत सरळ चढते आहे की नाही, हे गवंडी त्यावरून ठरवतात. एका ओताऱ्याने मला साच्यात ओतले, घासूनपुसून गोल केले आणि माझे टोक अणकुचीदार केले. त्यानंतर मी एका गवंड्याच्या घरी आलो, आणि त्याच्या पश्चात त्याच्या दोन मुलींच्या हाती.

थोरली बेताचे बोलायची. धाकटी कामाला वाघ होती, पण हट्टी. भिंत सूतभर कलली तरी ती सगळा थर पाडून पुन्हा रचायची. अर्धे काम टाकून ती कधी घरी गेली नाही. लोक तिची वाखाणणी करत. त्या वाखाणणीत माझाही वाटा आहे, असे मी समजत असे.

एका दुपारी जेवण झाल्यावर धाकटी परांचीच्या सावलीत आडवी झाली, ती उठलीच नाही. श्वास चालू होता, नाडी चालू होती. डॉक्टरांनी आधी थकवा असे निदान केले आणि नंतर निदान करणे सोडून दिले. थोरली तिला चमच्याने पातळ भरवत असे. तरी तिच्या गालांची हाडे वर येऊ लागली. शेजारीण म्हणाली, गवंड्याची पोर ती, झोपसुद्धा पायापासून बांधत असेल.

थोरलीला त्या बोलण्याचा राग आला नाही. तिने बहिणीच्या हातांकडे नीट पाहिले. हात खरोखरच चालत होते. माल पसरायचा, वीट ठेवायची, थापीच्या मुठीने ठोकायची आणि मग सगळे उचकटून टाकायचे. पुन्हा पहिल्यापासून. धाकटी कुठेतरी भिंत बांधत होती आणि ती भिंत सरळ येत नव्हती.

थोरलीने माझी दोरी नेहमीप्रमाणे मनगटाला गुंडाळली आणि ती बहिणीशेजारी झोपली. अंगाला बांधलेली वस्तू झोपेबरोबर पलीकडे जाते. कारण मला ठाऊक नाही. असे घडले, एवढे नक्की.

स्वप्नांच्या प्रदेशात राज्यकर्ते अनेक आहेत. उंचावरून पडण्याची स्वप्ने एकाच्या ताब्यात, बुडण्याची दुसऱ्याच्या. परीक्षेला उशीर झाल्याची स्वप्ने ज्याच्या अखत्यारीत येतात, त्याची प्रजा सर्वांत मोठी. आम्ही पोहोचलो ते राज्य राणीसरकारांचे होते. त्यांना सिंहासनाभोवती एक मनोरा हवा होता. कामाला हात लावणारा माणूस ते पुरे होईपर्यंत जागा होत नाही, असा तिथला कायदा. मात्र ज्याने आपण होऊन हत्यार खाली ठेवले, त्याला अडवण्याचा अधिकार राणीसरकारांनाही नव्हता. मनोऱ्यावर शेकडो कारागीर होते. त्यांच्यापैकी कित्येकांची शरीरे बाहेर केव्हाच संपली होती. ते अजूनही विटा रचत होते.

"एवढा थर सरळ झाला की येतेच, ताई," धाकटी मान वर न करता म्हणाली. "आत्ताच तर जेवून आलेय."

थोरलीने मला भिंतीच्या खुंटीला टांगले. मी भिंतीशी समांतर राहिलो नाही; सिंहासनाकडे ओढला गेलो. धाकटी म्हणाली, ताई, तुझा ओळंबा बिघडलाय. दोरीला टांगलेल्या वजनात बिघडण्यासारखे काही नसते, पण थोरलीने वाद घातला नाही. तिने राणीसरकारांना विनंती केली की, त्यांनी एकदा मनोऱ्याभोवती फेरी मारून काम पाहावे. कौतुक करून घेणे त्यांना आवडत असे. त्या उठल्या, चालू लागल्या, आणि त्या जातील तिकडे मी वळत गेलो. पितळ चुंबकाला दाद देत नाही. म्हणजे हे चुंबकत्व नव्हते. त्या राज्यात खालची दिशा म्हणजे राणीसरकार स्वतः; त्या जरा हलल्या की सरळ भिंतही वाकडी ठरे.

धाकटीने हे सगळे पाहिले. राणीसरकारांनीही तिचा चेहरा पाहिला.

"मी हलणार नाही," त्या म्हणाल्या. "तुझा मनोरा पुरा होईपर्यंत एका जागी बसून राहीन. हा मान आजवर कोणाला दिलेला नाही."

धाकटीचा हात पुन्हा थापीकडे गेला.

"बसू देत की," थोरली म्हणाली. "मनोरा होईलही. पण त्यांच्यापुढे वाकलेला होईल. त्याला तू सरळ म्हणशील?"

धाकटीने माझ्या तिरप्या दोरीकडे पाहिले. "नाही म्हणणार," ती म्हणाली. "पण मग हा वाकडा थर पाडून तरी जाते."

"पाडणं हेही कामच आहे, बाई. ठेव ती थापी."

तिने थापी ठेवली. तिच्या आयुष्यातली ती पहिली अर्धवट भिंत. कायदा मोडता येईना, म्हणून राणीसरकारांनी जमीनच स्वतःकडे कलती केली. सिंहासनापासून दूर जायचे म्हणजे आता उभा कडा चढायचा होता. धाकटीच्या अंगात ताकद उरली नव्हती. तिला ओढायला थोरलीला दोन्ही हात हवे होते. तिने एकवार माझ्याकडे पाहिले आणि मला खुंटीवरच सोडून बहिणीच्या काखेत हात घातले.

बाहेर पुढे काय झाले, ते मला दिसलेले नाही. पण इथे असताना बाहेर जो मरतो, तो इथेच विटा रचत राहतो, आणि धाकटीची जागा रिकामी आहे. पुरावा एवढाच. मला तो पुरतो.

पितळ हिरवे पडले तरी राणीसरकारांनी मला काढलेले नाही. नव्या कारागिरांना त्या मला दाखवतात आणि सांगतात की, हा ओळंबासुद्धा मला नमस्कार करतो. मित्रांनो, डोळा लागला की तुम्हीही या बाजूला येता. कोणी तुमच्या कामाची स्तुती करून हातात वीट देईल. त्या वेळी आधी खुंटीकडे पाहा. मी तिरपा दिसलो, तर स्वतःच्या हाताला दोष देत बसू नका. थापी ठेवा, भिंत वाकडीच राहू द्या आणि घरी जा. तिथे कोणीतरी तुम्हाला चमच्याने भरवत बसले असेल.