बारकं मडकं

शनिवारी चारच्या सुमारास बाबांचा फोन आला, तेव्हा मी बेलापूरच्या घरी बाल्कनीत वाचत बसले होते.

"पोपटी लावलीय. ये."

"आणखी कोण आहे तिथे?"

"कोन नाय. तू ये. कोंबडी वेगली हाय."

मागे पोपटीची, शेंगा-बटाटे भरून जाळात भाजायची, मडकी ठेवल्याचा आवाज आला. एकाचा नाही, दोन मडक्यांचा. मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे. मांडीवर कादंबरी उघडी होती.

"बरं," ते म्हणाले.

रविवारी सकाळी खाडीवरून परतणाऱ्यांना ते गावी, तळवलीच्या बांधावर, पोपटीच्या जागी पडलेले दिसले. हृदय बंद पडलं होतं.

बाबांबद्दलचा संशय माझ्या डोक्यात थंडीच्या सुरुवातीलाच घातला होता तो हरेशने, माझ्या धाकट्या भावाने, आणि तोही थट्टेत. "ताई, म्हातारा दर शनवारी दोन मडकी लावतो. मोठं आमचं. बारक्याला हात लावला तर अंगावर येतो. बघ, नवीन आई येतेय आपल्याला." आई जाऊन चार वर्षं झाली होती. शेजारच्या पुतळाबाई त्याच बांधावर शेळी चारायला येतात, हेही त्यानेच सांगितलं. सांगून तो विसरला. मी विसरले नाही. त्या थंडीत मी तळवलीला गेलेच नाही. शेकोटीपाशी आईच्या जागी दुसऱ्या बाईला बसलेलं बघायची माझी तयारी नव्हती.

तेराव्याला पुतळाबाई ओटीच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. रडल्या नाहीत. मी त्याचाही अर्थ लावला.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, मी एकटी बांधावर गेले. समोर तिवरं, पलीकडे खाडीचं ओसरलेलं पाणी. राखेचा ढीग तसाच होता. मोठं मडकं हरेशने घरी नेलं होतं. बारकं राखेत उपडं पडून होतं, तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला कोंबलेला. कुणी उघडलेलं नव्हतं.

मी त्याला हात लावला नाही. सुकं गवत, काटक्या गोळा केल्या आणि शेजारी जाळ केला. धूर दिसला की ज्याचं मडकं असेल ते माणूस येईल, असा माझा हिशेब होता.

बसायला दोन दगड होते. एकावर गोणपाट नीट घडी करून ठेवलेलं. बाबा कधी गोणपाट अंथरून बसणारे नव्हते. मी उघड्या दगडावर बसले आणि त्या दुसऱ्या दगडाकडे बघत राहिले. दिवाळीला त्यांनी न सांगता नवा सदरा घेतला होता. फोनवर अलीकडे जरा जास्त बोलायचे. एकेक गोष्ट आठवत गेली आणि प्रत्येक गोष्ट माझ्याच बाजूने साक्ष देत गेली. इतकी वर्षं पुस्तकं वाचून मला हीच सवय लागली आहे: शेवट आधीच ठरवायचा आणि मग पानं उलटायची.

लहानपणी बाबा मला मडक्यावर पाणी शिंपडायला लावत. थेंब चर्र करून उडाला, तरच पोपटी झाली. "घाई केलीस तर कच्च्या शेंगा खाशील," म्हणत.

शेळीची घंटा वाजली. पुतळाबाई आल्या.

"निशे, तू हाय? मना वाटलं पोरं दारू पीत बसली."

एरवी मी त्यांना मावशी म्हणते. तेव्हा म्हटलं नाही. "हे मडकं तुमचं का?"

त्यांनी राखेकडे पाहिलं आणि हसल्याच. "माजं? गल्यात तुलशीची माल हाय माज्या. तुज्या बापाच्या कोंबडीशेजारी शिजलेलं खाऊ मी?"

"मग कोणाचं?"

"मना काय ठाव? शनवारभर ठेवी. रविवारी सकाली येऊन उघडी नि माज्या या शेलीला घाली. बटाटं खाऊन म्हस झाली बघ ही." त्यांनी शेळीच्या पाठीवर थाप मारली. "दर खेपेला एकच बोले, आज बी नाय आली."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तेराव्याला तू मना अशी बघत होतीस, जशी मी तुमची भांडी चोरली. मंग कशाला तोंड उघडू?"

त्या शेळी ओढत निघून गेल्या. मी मडकं राखेतून काढलं. पाला हातात चुरला. वालाच्या शेंगा काळ्या पडल्या होत्या, बटाट्यांना आणि रताळ्यांना बुरशी आली होती. काटकीने तळापर्यंत ढवळून पाहिलं. अंडं नव्हतं, कोंबडीचा तुकडा नव्हता. शेंगांना मीठ चिकटलेलं, पण ओव्याचा एक दाणा नव्हता.

ओव्याशिवाय आमच्याकडे पोपटी कुणी लावत नाही. ओव्याच्या वासाने लहानपणी मला उलटी व्हायची. मांस तर मी कॉलेजात असतानाच सोडलं.

कोंबडी वेगली हाय, ते म्हणाले होते.

मी उठले आणि गोणपाटाच्या दगडावर जाऊन बसले. तिथे धूर तोंडावर येत नव्हता. जाळ उतरत आला होता. आसपास कुणी नव्हतं, आणि असतं तरी आता चाललं असतं.

"काम नव्हतं मला, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "मडकं उघडू नका. मी येते."