पांढऱ्या मातीचं बीळ

नेदाच्या डोक्यात खपल्या धरल्या तेव्हा स्नेझावहिनीने घरातल्या सगळ्या शांपूच्या बाटल्या अंगणात ओतून दिल्या. तिची ही मुलगी झोपेतही खाजवायची, उशीवर रक्ताचे ठिपके दिसायचे. स्मोल्यान शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, लहान बाळांचा बिनवासाचा साबण वापरा आणि धीर धरा. वहिनीला धीर कुठला.

"माझी आई पांढऱ्या मातीने न्हायची," ती म्हणाली. "म्हातारपणीही वेणी कमरेखाली होती तिची. चल दाफिना, आर्दा नदीच्या कड्यात अजून माती आहे."

"कुणी जात नाही गं तिकडे आता. दुकानात शांपूच्या बाटल्या आल्या आणि माती काढायचं ते बीळ तसंच पडलं."

"मग तू बाहेर उभी राहा, बाईसाहेब. खणायचं मी बघते."

मी तिची नणंद. नाही गेले असते तर वर्षभर टोमणे खावे लागले असते.

नदीवरच्या कड्यात ते बीळ होतं, कमरेइतकं उंच. वहिनी रांगत आत गेली. खुरप्याचा आवाज येत राहिला. मग वरून माती झिरपायला लागली, पीठ चाळावं तशी.

"वहिनी, बाहेर ये."

"पिशवी तर भरू दे."

छत कोसळलं, पण आवाज मोठा झालाच नाही. कुणी जमिनीवर गादी टाकावी, तेवढाच. धुरळा बसला तेव्हा तिचं डोकं आणि एक हात दिसला.

"दाफिना, छाती दबतेय," ती म्हणाली. अगदी शांतपणे.

गाव लांब होतं. मी माणसं आणायला गेले आणि मागे उरलेलं कोसळलं तर? मी पोटावर पडून आत सरकले आणि हातांनी माती उपसायला लागले. ओंजळभर काढावी तर तेवढीच वरून मानेवर पडायची. शिंक आली तर काय होईल, याचीही भीती वाटत होती.

"बोलत राहा, वहिनी."

"काय बोलू?"

"शिव्या दे मला."

तिने दिल्या, सासरच्या सगळ्यांना धरून दिल्या. मध्येच ती गप्प झाली. मी हाक मारली, पुन्हा मारली.

"बूट," ती कशीबशी म्हणाली. "रबरी बूट अडकलेत."

"सोड ते. पाय तेवढे काढ."

काखेत हात घालून मी ओढलं. आम्ही दोघी घसरत काठावर आलो आणि मागे बिळाचं तोंड बुजलं.

घरी नेदाने आईचं डोकं डॉक्टरीणबाईंच्या त्या साबणाने धुतलं. करडं पाणी वाहतच होतं.

"आई, डोळे मिट, झोंबेल."

वहिनीने मिटले नाहीत. डोळे लाल झाले, तरी ती टक लावून खिडकीतल्या उजेडाकडे बघत राहिली. मी पंचा पुढे केला तर तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की वळ उठले.

नेदाचं डोकं त्याच साबणाने हळूहळू बरं झालं. वहिनीला मात्र अजून न्हाणीघराचं दार लावून अंघोळ करता येत नाही.