काटे लावलेलं घर

आमच्या ओट्यावर दुपारी तीन ते साडेचार देश सुधारण्याचं काम चालतं. शेजारच्या वत्सलाबाई मेथी निवडायला आणतात, मी वर्तमानपत्र आणते. त्यांची जुडी संपेपर्यंत माझं निदान एक मंत्रालय तरी चालवून झालेलं असतं.

माझी शाळा सातवीला सुटली, वाचन सुटलं नाही. वाण्याच्या पुडीला आलेला अग्रलेखसुद्धा मी सरळ करून वाचला आहे. त्यातूनच शिकले की नुसतं मत असून भागत नाही. मताखाली कारण लागतं, आणि ते असं लागतं की समोरच्यानं 'हो' म्हणूनच उठावं. तीन वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डाची जागा महिलेसाठी राखीव झाली. शेजारच्या वॉर्डात बाईच्या नावावर तिचा नवरा मेंबर झाला. माझ्या नावावर मीच झाले. आमच्या ह्यांना, म्हणजे गिरधर पाटलांना, सभेचा कंटाळा. ते म्हणाले, "तू घरमा बोलतीच ऱ्हास. जाय, आते तठे बोल."

माझं सगळ्यात लाडकं मत कष्टाबद्दलचं. पपई तोडायला मजूर मिळेनासे झाले की ते हमखास वर यायचं. धान्य फुकट मिळतं, खात्यात पैसे येतात, मग उन्हात कोण मरायला येईल? म्हणजे सरकारनंच आळस वाटला. वत्सलाबाई मान हलवायच्या, "खरं शे वं माय." एकदाच त्यांनी मेथीवरची नजर न काढता विचारलं, "पन यामिनीनी माय, आपून बी आठे बठेलच शेतस ना?"

यामिनी माझी मुलगी. आळीतल्या बायका मला तिची आई म्हणूनच हाक मारतात. मी म्हटलं, आपलं बसणं वेगळं. कसं वेगळं, त्याचं कारण त्या दिवशी सापडलं नाही, म्हणून मी पाकिस्तानचा विषय काढला.

तर यंदा संक्रांतीच्या सुमारास घरकुलांची पाहणी निघाली. नाल्यापलीकडच्या वस्तीला एकच घरकुल आलं होतं. यादीत पहिलं नाव सोनीबाईचं आणि दुसरं सुकलालचं. सुकलाल आमचा सालदार, वर्षभराच्या बोलीवर राहिलेला शेतगडी. पाच वर्षं आमच्याकडे आहे. आमच्या भागात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं. त्या दिवशी तो जुना मालक सोडू शकतो, मालक जुना सालदार सोडू शकतो. मालक सोडत नाहीत आजकाल, कारण दुसरा मिळत नाही. सुकलालनं पौषातच मला गोठ्यात सांगून ठेवलं होतं, "वैनी, यंदा आखाजीनंतर मी सुरतले जासू. आठे कुडना घरमा पोरं मोठी करानी का?" आणि दूध काढता काढता म्हणाला, "पक्कं घर ऱ्हातं तं मंग कोठे जातू मी."

बस, एवढंच. त्यानं काही मागितलं नव्हतं.

पाहणीला भाऊसाहेब आणि मी गेलो. भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. सोनीबाईचं घर वस्तीच्या टोकाला. तुराट्यांचे कुड एका अंगाला कललेले, सारवण गळून आतल्या काड्या दिसत होत्या. पत्र्याच्या दारावर बोरीच्या काट्यांची फांदी आडवी घालून सुंभानं घट्ट बांधलेली. आसपासची घरंही बंद. फक्त म्हातारा भीमसिंग उन्हात पाय पसरून बसला होता. त्याला विचारता आलं असतं. मी त्याला 'काय बाबा, बरं शे ना' एवढं विचारलं.

आमच्यात काटे टाकतात ते पडीक खळ्याच्या वाटेवर, गुरं शिरू नयेत म्हणून. ती फांदी पाहिली आणि माझ्या डोक्यात सगळं कसं ओळीनं लागलं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, घर कशासाठी असतं? राहण्यासाठी. इथे राहतं कोण? कोणी नाही. ज्या घराला काटे लावून लोक निघून गेले, त्या घराच्या जागी पक्कं घर बांधून त्यात राहणार कोण? आणि जो बारा महिने इथे राहतो, तो कुडात?"

भाऊसाहेब हसले. "ताई, तुमचा मुद्दा बिनतोड असतो." त्यांनी कागदावर लिहिलं : घर पडीक, कायम रहिवास नाही, अपात्र. खाली लिहिलं, सदस्यांनी समक्ष सांगितल्यावरून. मी सही केली. माझी सही चांगली आहे, लोक वाखाणतात. येताना नाल्यावर मला इतकं हलकं वाटत होतं की मी साडी न उचलताच पाण्यातून आले.

होळीच्या चार दिवस आधी सोनीबाई आली.

मी ओट्यावर एकटीच होते. ती ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली. ती नेहमी तिथेच बसते. मी तिला कधी वर बस म्हटलेलं नाही. दिवाळीपासून ती, नवरा जामसिंग आणि मुलगी रिना गुजरातमध्ये ऊसतोडीला होते. तिच्या डाव्या तळहाताला कपडा बांधला होता, उजव्या हाताची बोटं उसाच्या पात्यांनी चिरून काळी पडली होती. सोनीबाईच्या वस्तीत सगळे सगळ्यांना 'तू'च म्हणतात, मला तसं म्हटलेलं आवडतं. फार लोक म्हणत नाहीत.

"नानी, तू वाचस ना. आयी यादी दख बरं. भाऊसाहेबनी दिधी. मन्हं नाव कोठे शे?"

तिनं पदरातून चौकोनी घडीचा कागद काढला. मी चष्मा लावला. पहिल्याच ओळीत तिचं नाव होतं, आणि नावासमोर तो शेरा.

"लागनं का माय नाव?"

"थांब जरा," मी म्हटलं. कागद उलटा केला, सुलटा केला. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती; कागदाकडे पाहून तिला काही उपयोग नव्हता.

"अजून पक्कं नाही झालेलं," मी म्हटलं. "सभेत होईल काय ते."

"वस्तीवर त्या म्हनतस, कोन्हीतरी सांगं, मन्हं घर पडीक शे. मेंबरनी सांगं म्हने." ती हसली. तिला खरंच गंमत वाटली होती. "कोन्ही सांगं व्हई वं नानी?"

"मला काय माहीत," मी म्हटलं.

हे वाक्य मी इतक्या सहज बोलले की माझाच विश्वास बसला असता.

"येडं व्हई कोन्हीतरी," ती म्हणाली. "पडीक घरले दार ऱ्हास का? घर सोडीसन जातस त्या पहिले दार काढी लई जातस. दारले पैसा पडस. आम्ही काटा लावतस, म्हंजे आम्ही येनार शेतस, मझार कोन्ही जावानं नही. दार शे, काटा शे, मंग घर पडीक कसं?"

माझ्या आयुष्यभराच्या अग्रलेखांत इतकं सरळ कारण मी वाचलं नव्हतं. आणि ते सांगायला तिला चष्माही लागला नव्हता.

मग ती तोडीचं सांगत राहिली. तिकडे पडावावर चार महिने प्लास्टिकच्या कागदाखाली राहतात, पहाटे चारला फडात जातात, थंडीत कोयता हाताला चिकटतो. रिनानं तिथेच नवीन घराचं चित्र काढलं, दार उगवतीला. "जामसिंग म्हने, पुढला साल तू जाऊ नको. घर पक्कं ऱ्हायनं तं रिना आठे शाळामा ऱ्हाई, तू बी आठे. मी एकलाच जासू." हात बांधलेला असूनही जाताना ती पायरीवरचा पाचोळा गोळा करून घेऊन गेली. मी जी रोज आळसावर बोलते, ती तिथेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई मेथी घेऊन आल्या. मी डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. म्हणजे, घर पडीक नव्हतं, माझा समज चुकला, एवढं सांगितलं. ह्यांनी भाकरी मोडली, ठेच्याला लावली, खाल्ली. मग विचारलं, "तुन्हं कारन चांगलं व्हतं. पन ते तुले पहिले सापडनं, का सुकलाल पहिले?"

"म्हणजे काय?"

"काही नही. मी आपला ईचारस."

एरवी ह्यांच्या कोणत्याही प्रश्नाला माझ्याकडे तीन उत्तरं असतात. त्या दिवशी मी उठून ताटं घासायला घेतली. ह्यांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं. नाल्याकडे जाताना, काटे दिसायच्याही आधी, मी मनात म्हणत होते की पहिलं नाव काही कारणानं कटलं तर बरं होईल. कारण नंतर आलं. कारणाचं असंच असतं, आपण बोलावलं की येतं, आणि चांगले कपडे घालून येतं.

होळी झाली. सोनीबाईच्या घरचे काठी गावच्या मोठ्या होळीला जाऊन आले. नंतरच्या सोमवारी ग्रामसभा होती, आणि त्या सभेत यादी कायम व्हायची होती; त्यानंतर बदल नाही. मला वाटलं, भाऊसाहेबांना बाजूला घेऊन सांगावं, म्हणजे गुपचूप दुरुस्ती होईल. सांगितलंही. ते म्हणाले, "ताई, शेरा तुमच्या सहीनं आहे. सभेत तुम्हीच उठून बोलला तर निघेल. नाहीतर मी काय कारण लिहू?"

समाजमंदिरात चाळीसेक माणसं होती. बायका डावीकडे. सोनीबाई दाराजवळ, रिना तिच्या मांडीला टेकून. सुकलाल मागच्या भिंतीशी उकिडवा बसलेला, घर आपलंच धरून आदल्या दिवशीच मला म्हणाला होता, "वैनी, पाय्या खंदाले कोठलं मानूस सांगू?"

यादीची पहिली ओळ वाचली गेली तशी मी उठले. मी म्हटलं, सोनीबाई जामसिंग यांचं घर पडीक नाही. ती माणसं इथलीच आहेत. ऊसतोडीला जातात आणि परत येतात. काटे लावतात ते परत यायचं असतं म्हणून. मी न विचारता पडीक म्हणून सांगितलं. माझी चूक झाली, शेरा काढावा.

आणि टाळ्याच! सरपंच म्हणाले, "असा मेंबर पाहिजे. चूक कबूल कराले मोठं मन लागस." बायकांत कोणी म्हणालं, "काय बोलनी!" मी उभीच. आयुष्यात मला इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या, आणि खरं सांगते, दोन श्वासांपुरत्या त्या गोडही लागल्या. खाली बसले असते तर गावात वर्षभर माझ्या मोठ्या मनाची गोष्ट फिरली असती.

"अजून आहे," मी म्हटलं. "चूक नव्हती. दुसरं नाव आमच्या सुकलालचं आहे. तो आखाजीला काम सोडून जाणार होता. घर मिळालं तर थांबेल, म्हणून मला पहिलं नाव नको होतं. भीमसिंगबाबा तिथे बसले होते, मी त्यांना विचारलं नाही, कारण ते खरं सांगतील हे मला माहीत होतं."

या वेळी कोणी टाळी वाजवली नाही. सरपंचांनी हातातला कागद नीट केला. ह्यांनी खाली पाहिलं. वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की काय, माहीत नाही.

मागून सुकलाल उठला. तो सभेत कधी बोलत नाही.

"वैनी," तो म्हणाला, "मी कव्हय सांगं व्हतं तुम्हले, तिन्हं नाव काढा म्हनीसन?"

"नाही सांगितलं."

"मंग मन्हं नाव काबर लिधं?" चाळीस माणसांनी त्याच्याकडे वळून पाहिलं, जणू तोच चोर. त्यानं टोपी झटकली आणि निघून गेला. ज्याचं काही चुकलं नव्हतं, त्याला मी एकाच दुपारी घरातूनही काढलं आणि माणसांतूनही. याला दुरुस्तीचा शेरा कुठे लिहितात, ते भाऊसाहेबांनाही माहीत नसेल.

शेरा निघाला. सोनीबाईला अंगठ्यासाठी पुढे बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला ती, एका बाजूला मी. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी त्याच्यावर काहीतरी बोलले असते.

"नानी, त्या दिवशे तू यादी वाची. मन्हं नाव तठे व्हतं का?"

"होतं."

"आनि ते पडीकनं?"

"तेही होतं."

"तू वाचं?"

"वाचलं."

तिनं मान हलवली, बाजारात एखादा भाव कळल्यावर हलवतात तशी. भाऊसाहेबांनी शाईची डबी उघडून पुढे सरकवली. नेहमीप्रमाणे मी कागदाला हात घातला, कुठे अंगठा लावायचा ते दाखवायला. सोनीबाईनं तो माझ्या बोटांखालून हळूच ओढून घेतला आणि भाऊसाहेबांसमोर ठेवला.

"तू वाच, भाऊसाहेब," ती म्हणाली. "समदं वाच. मंग मी अंगठा लावसू."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, गावाच्या नावापासून. जुना शेरा वाचला, तो रद्द केल्याचं वाचलं, सदस्यांनी समक्ष सांगितल्यावरून हेही वाचलं. मग माझं पूर्ण नाव वाचलं.

"आते परत एक डाव वाच," सोनीबाई म्हणाली. "रिना, तू बी ध्यान दे."