पलीकडच्या खोलीतला ग्राहक

फोनवर मागून आवाज आल्याची आणखी एक तक्रार झाली असती, तर सुनेची कॉल सेंटरचे काम घरून करण्याची मुभा गेली असती आणि अंथरुणाला खिळलेले सासरे दिवसभर एकटे पडले असते. म्हणून त्यांनी हाक मारणेच सोडले होते.

दुपारी सहकारी हेडफोनवर म्हणाली, "ताई, एक आजोबा पाणी मागताहेत. सून इथेच कामाला आहे म्हणतात. जोडून देऊ?"

फोन जोडला गेला तशी तिने विचारले, "बाबा, कधीपासून थांबलात?"

"तुमचं होल्डवरचं संगीत पाठ झालं. पण हूं की चूं केलं नाही."

तिने पाणी नेऊन दिले. ग्राहकाआधी फोन ठेवणे नियमबाह्य होते, आणि तो चालू असेपर्यंत पुढचा कॉल येत नसे. "आणखी काही मदत?" तिने सवयीने विचारले.

"हो. मी फोन ठेवत नाही. तोवर तू जरा पाठ टेक."