मापाच्या खुणा

मास्तरांनी गळ्याला हात लावला, मग खांद्याला, मग कंबरेला, आणि बॅट घेऊन उभा असलेला दाताचा डॉक्टर त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. मास्तरांनी पुन्हा गळ्याला हात लावला. पेशंटनं भलतीच दाढ दाखवावी तशी डॉक्टरनं मान वाकडी केली. तेवढ्यात चेंडू आला, त्याच्या पोटासमोरून गेला, आणि पंचानं त्याला बाद दिलं.

डॉक्टर परत आला, बॅट बाकाला टेकवली आणि कप्तानाशेजारी बसला.

"ते काय सांगत होते ते तुला कळलं असेल तर मलाही सांग," तो हळूच म्हणाला. "या वर्षीच्या खुणांत गळा नाहीच मुळी."

कप्तानानं बॅट उचलून पिशवीत घातली. तो धंद्यानं वायरमन, आणि टीममध्येही सगळे त्याला वायरमनच म्हणत. डॉक्टरला जे आज दिसलं ते त्याला मागच्याच सामन्यात दिसलं होतं. त्यानं ते तेव्हापासून खिशात ठेवलं होतं इतकंच.

बेसबॉलमध्ये तिसऱ्या बेसजवळ एक माणूस उभा असतो. तो खेळत नाही. बॅटवाल्याला आणि पळणाऱ्याला तो हातानं सांगतो: चेंडू नुसता टेकव, जोरात हाण, थांब, पळ. समोरच्यांना कळू नये म्हणून टोपी, कोपर, नाक असं काहीबाही चाचपून सांगतो, आणि दर हंगामात या खुणा बदलतात. टीम सुरू झाली तेव्हापासून त्या जागी मास्तर उभे होते. शाळेचे मास्तर नव्हेत, टेलरमास्तर. अर्ध्या गावाच्या अंगावर त्यांचे टाके होते.

टीमचा इतिहास कोणालाही विचारा, तो कापडापासूनच सुरू करणार. गावातलं एक थिएटर बंद पडलं, त्याचा किरमिजी मखमली पडदा विकायला निघाला, आणि मास्तरांनी तो उचलून आणून अख्ख्या टीमचे कपडे शिवले. दिसायला राजेरजवाडे, पण भर उन्हात मखमल घालून पळायचं म्हणजे काय ते पळणाऱ्यालाच ठाऊक. पहिल्या सामन्यात दोघं घेरी येऊन पडले. तेव्हापासून गाव त्यांना पडदेवाले म्हणतं आणि दर पराभवानंतर पडदा पडला म्हणून हसतं. ते कपडे केव्हाच फाटून गेले. उरला होता एकच, मास्तरांचा कोट. तो घातल्याशिवाय ते मैदानात पाय ठेवत नसत, आणि त्यांना त्या कोटाशिवाय तिथं बघायची कोणाला सवयही नव्हती.

सामना हरल्यावर सगळे वायरमनभोवती जमले. मास्तर लांब उभे राहून बूट झटकत होते.

"कोणीतरी त्यांना सांगायला पाहिजे," डॉक्टर म्हणाला. "पंधरा दिवसांनी रंगवाल्यांच्या टीमबरोबर शेवटचा सामना आहे. ते असेच गळे चाचपत राहिले तर हसं होईल. आपलं नाही, त्यांचं. ते मला बघवणार नाही."

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न फार वेळ टिकला नाही. सगळ्यांनी वायरमनकडे बघितलं. कप्तान तो होता.

दोन दिवस वायरमन शिडीवर उभा राहून वाक्यं जुळवत होता. 'मास्तर, आता जरा आराम करा.' छे, हे तर निरोप समारंभातलं झालं. 'मास्तर, गुडघे दुखत असतील ना उभं राहून?' पण मास्तरांचे गुडघे ठणठणीत होते, दुखत होते ते वायरमनचेच. शेवटी वाक्य न जुळताच तो दुकानात शिरला.

मास्तरांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, खिडकीशी बसून काजं करत होत्या. मास्तर यंत्राला तेल घालत होते.

"ये रे," काकू म्हणाल्या. "आमचा काही फ्यूज उडाला नाहीये, मग आज कसा काय?"

"शर्ट शिवायचाय," वायरमनच्या तोंडून निघून गेलं.

मास्तर उठले. गळ्यातला टेप काढला आणि त्याच्यासमोर उभे राहिले. गळा घेतला, खांदा घेतला, छाती, कंबर, बाही. कात्री कुठे ठेवली ते ज्यांना सकाळपासून सापडत नव्हतं, त्यांची बोटं एकदाही अडखळली नाहीत. ते आकडे बोलत गेले, काकू पाठोपाठ पुटपुटत लक्षात ठेवत गेल्या. आणि वायरमन हात पसरून उभा असतानाच त्याच्या ध्यानात आलं, की रविवारी मैदानात चाललं होतं ते हेच होतं. गळा, खांदा, कंबर.

"पोट सुटलंय तुझं," मास्तर म्हणाले. "कापड कुठाय?"

वायरमन त्यांच्याकडे बघत राहिला. टेलरकडे कापड न घेता कोणी येतं का? पण तो आला होता.

"विसरलो. उद्या आणून देतो."

मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "आहे माझ्याकडे."

काकू त्याच्यामागून पायरीपर्यंत आल्या.

"काय सांगायला आला होतास?"

"काही नाही, काकू. शर्टच."

"मला शेंड्या लावू नकोस. तुझ्या लग्नाचे कपडे याच दुकानात शिवलेत, तेव्हाही तू असाच घाम पुसत उभा होतास." त्यांनी बोटातलं अंगुस्तान काढलं, पुन्हा घातलं. "त्यांना काल शेजारणीचं नाव आठवलं नाही. पण रविवार आठवतो. शनिवारी बूट पुसून दाराशी ठेवतात, आणि तेवढ्यानं त्यांना झोप लागते. ते बूट उचलून ठेव, असं मला कोणी सांगू नका. माझ्यानं व्हायचं नाही."

वायरमनला हा म्हातारा वडिलांइतका प्रिय होता, कधीकधी जास्तच. बाद झाल्यावर वडील ओरडत तरी, मास्तरांनी तेही कधी केलं नव्हतं.

तिथून तो सरळ निवृत्त पोस्टमनच्या घरी गेला. पहिल्या वर्षापासून टीममध्ये असलेला मास्तरांखेरीज एवढा एकच माणूस उरला होता. आता तो खेळत नसे, बाकावर बसून चुका काढत असे.

"गळा, खांदा, कंबर?" पोस्टमन हसायला लागला. "अरे, त्या तर पहिल्या वर्षीच्या खुणा. मापाच्या. मास्तरला दुसरं काय सुचणार? पहिला हात खरा, पुढचं सगळं फसवायला. आणि आम्ही काय आपटलो म्हणून सांगू. रंगवाल्यांच्या टीममधला एकूण एक माणूस त्याच्यासमोर माप द्यायला उभा राहिलेला. आम्हाला कळायच्या आधी त्यांना कळायचं. तेव्हापासून तर खुणा बदलायची पद्धत पडली."

वायरमन दारातच बसला.

"तुम्हाला त्या सगळ्या येतात?"

"येतात म्हणजे? इतकी वर्षं टपाल वाटलं, एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही."

मग वायरमननं सगळ्यांना गोळा केलं आणि एवढंच म्हणाला, की मास्तरांना आपल्या खुणा आठवत नसतील तर त्यांच्या खुणा आपण पाठ करू. कोणी वाद घातला नाही. डॉक्टर तर म्हणाला, हे आधीच का नाही सुचलं. आठवडाभर पोस्टमनच्या परसात ही मोठाली माणसं संध्याकाळी रांगेत उभी राहून धडे गिरवत होती. पोस्टमन रांगेपुढून एखाद्या सेनापतीसारखा फिरे. गळा म्हणजे काय? हाण. खांदा? थांब. कंबर? पळ. पोस्टमनच्या बायकोनं एकदा खिडकीतून डोकावून बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

रविवारी मास्तर आले ते नुसत्या शर्टात.

"कोट?" वायरमननं काकूंना विचारलं.

"धुवायला टाकलाय," काकू म्हणाल्या आणि मांडीवरची पिशवी सारखी करत दुसरीकडे बघू लागल्या.

रंगवाल्यांचा म्हातारा मॅनेजर, जुना रंगारी, समोरच्या बाकावर टक्कल पुसत बसला होता. खेळ सुरू झाला. वायरमन पहिल्या बेसवर पोचला, आणि त्यानं मोठ्या विश्वासानं मास्तरांच्या कंबरेकडे नजर लावली. मास्तरांनी टोपीला हात लावला. मग कोपराला. मग एकदा नाक चोळलं.

वायरमन उभाच. टोपी? मापात टोपी कुठून आली? टोपी आणि कोपर म्हणजे या वर्षीचं 'पळ', हे त्याला आठवेपर्यंत चेंडू त्याच्या पुढे पोचला होता. तो बाद होऊन परतला. त्याच्यामागून गेलेल्या दोघांचं तेच झालं. मास्तर या वर्षीच्या खुणा एकामागून एक बिनचूक देत होते, आणि ज्यांनी त्या पाठ असल्याच्या शपथा घेतल्या होत्या ते सगळे खुळ्यासारखे त्यांच्या गळ्याकडे बघत होते.

"आता काय करायचं?" डॉक्टरनं विचारलं.

"मला काय विचारतोस," वायरमन म्हणाला. "आठवडाभर तर गळा-खांदा घोकलाय."

शेवटच्या डावात वायरमन कसाबसा तिसऱ्या बेसला पोचला, म्हणजे मास्तरांच्या अगदी शेजारी. डॉक्टर बॅट घेऊन उभा होता. मास्तरांनी ओठ न हलवता विचारलं,

"काय चाललंय रे तुमचं? एकालाही खुणा पाठ नाहीत."

खोटं बोलायला तिथं जागाच नव्हती. दोघांच्या मध्ये हातभर अंतर होतं.

"मास्तर, आम्ही जुन्या पाठ केल्यात."

"जुन्या?"

"मापाच्या. पहिल्या वर्षीच्या."

मास्तरांनी बाकाकडे बघितलं. बाकावरचे सगळे बुटांकडे बघायला लागले. पोस्टमन चष्मा पुसू लागला. पंचानं एकदा घड्याळ बघितलं.

"कोणी शिकवल्या? त्यानं?"

"हो."

"गाढव आहे तो," मास्तर म्हणाले, पण आवाज ओला होता. त्यांनी बाहीनं नाक पुसलं, डॉक्टरकडे तोंड केलं आणि सगळ्या मैदानाला दिसेल असा हात गळ्याला लावला. मग खांदा, मग कंबर.

समोरच्या बाकावरचा रंगारी ताडकन उठला. त्याच्या लग्नाचा सूट मास्तरांनीच शिवलेला.

"टेकवणार आहे तो," तो ओरडला. "पुढे या सगळे, पुढे या."

रंगवाले धावत पुढे सरकले. चेंडू आला. डॉक्टरनं पोस्टमनचं नाव घेतलं असावं, आणि होती नव्हती ती ताकद लावून हाणला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून पार कुंपणापर्यंत गेला. तिथं तो उचलायला कोणी नव्हतंच. वायरमन चालत शेवटच्या बेसला आला असता तरी धाव झाली असती, पण तो पळाला.

"गळा म्हणजे टेकवायचं," मास्तर त्याला लांबून म्हणाले.

"पोस्टमन म्हणाला, हाण."

"मग मी काय म्हणालो?" आणि मास्तर हसत सुटले. रंगारीही हसला. पोस्टमन मात्र अजून चष्माच पुसत होता.

सामना अर्थात हरले. एका धावेनं काय होणार होतं?

सगळे सामान आवरत असताना काकूंनी वायरमनला हाक मारली आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

"तुझा शर्ट."

पिशवी शर्टाच्या मानानं जड होती. त्यानं आत हात घातला, आणि बोटांना मखमल लागली. किरमिजी, ताज्या इस्त्रीची. तो वर बघेना.

"मास्तर, हा तर तुमचा."

"मग कापड कुठून आणणार? तू आला होतास रिकाम्या हातानं," मास्तर म्हणाले. "मी काय ओळखलं नाही का, कशाला आला होतास ते? घाल."

"पण आम्ही त्या खुणा तुम्ही राहावं म्हणून..."

"कळलं मला, तिसऱ्या बेसवर कळलं. फार बरं वाटलं." मास्तरांनी काकूंकडे पाहिलं. "मला आजचा एवढा सामना नीट द्यायचा होता. हिनं आठवडाभर आरशासमोर उभं करून घोकून घेतलंय. टोपी, कोपर, नाक. जेवताना सुद्धा सोडलं नाही. उद्या विचारशील तर सांगता यायचं नाही."

वायरमननं कोट घातला. तो त्याला बरोबर बसला. मास्तरांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, पाठीवरची शिवण चाचपली.

"कंबरेच्या शिवणीत जास्तीची माया ठेवलेली होती, ती सगळी सोडावी लागली. जरा कमी खात जा."

"आणि तुम्ही कुठं उभे राहणार?"

"उभं कशाला राहू? बसणार. पोस्टमनशेजारी. त्याला गळा कोणता आणि खांदा कोणता ते शिकवायला पाहिजे कोणीतरी."

वायरमननं हात उचलून गळ्याला लावला. मास्तरांनी तो हात मध्येच धरला, मनगटापाशी कापड ओढून बघितलं आणि मान डोलावली.

"बाही अर्धा बोट लांब ठेवलीय," ते म्हणाले. "खुणा करताना वर सरकते ती."