मिहिकाकडे राहिलेला हात

मंगळवारी संध्याकाळी पावणेसहाला माझा उजवा हात मिहिकाबरोबर तिच्या घरी गेला.

मिहिका दोन वर्षांची. झोपताना तिला माझी करंगळी लागायची, आणि त्या दिवशी ती उशिरापर्यंत झोपली. तिची आई तिला पाळणाघरातून घ्यायला आली तरी मूठ सुटेना. आईने तिला खांद्यावर घेतलं, मी तशीच बरोबर चालत दारापर्यंत गेले, आणि दारात हात मनगटापासून निघाला. दुखलं नाही. रक्तही आलं नाही. पिकलेलं सीताफळ देठावरून निघतं, तसा निघाला.

"अगंबाई," मिहिकाची आई म्हणाली. "आता हिला उठवायला नको. उद्या आणून देते हं, उज्ज्वलाताई."

"आणा," मी म्हणाले.

सकाळी हात मिहिकाच्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीशेजारी होता. मी तो मनगटाला लावला. नीट बसला. थोडा गार होता आणि त्याला दुसऱ्या घरच्या साबणाचा वास येत होता.

"रात्रभर थोपटत होता," मिहिकाची आई पिंगळे मॅडमना सांगत होती. "जन्मल्यापासून पहिल्यांदा सलग झोपली. आणि सकाळी त्या हाताने खडू धरून तिला गोल काढायला शिकवलं!"

पिंगळे मॅडम पाळणाघराच्या मालकीण. मुलं चौदा, आणि सांभाळायला मी एकटी. भिंतीवर मॅडमनी एक तक्ता लावला होता. कितव्या महिन्यात मुलाला काय यायला हवं ते त्यात होतं. टाळी, बोट दाखवणं, रंग, गोल. मॅडम तक्त्यापाशी गेल्या, मिहिकाच्या नावापुढे गोलावर खूण केली, आणि माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

"पाळणाघर सहाला बंद होतं," त्या म्हणाल्या, "पण काळजी बंद होत नाही. पालकांना हेच तर हवं असतं."

दुसऱ्या दिवशी हे वाक्य बाहेरच्या पाटीवर आलं.

उजवा हात आता रोज संध्याकाळी मिहिकाकडे जायचा, आणि त्याच आठवड्यात डावा हात ऋग्वेदकडे जायला लागला. त्याला भरवून घ्यायची सवय होती आणि त्याचे आजोबा घास मोठे करायचे. ईश्वरी माझ्या मांडीशिवाय बसत नसे, म्हणून शुक्रवारी मांडी तिच्याकडे गेली. तिच्या वडिलांनी ती गोधडीसारखी घडी करून स्कूटरच्या डिकीत ठेवली. मांडी गेल्यावर मला चालता यायचं, बसताही यायचं. फक्त कुणाला बसवून घेता यायचं नाही.

घरी माझी गार्गी होती. दहा महिन्यांची. तिचे वडील सिन्नरला कारखान्यात होते आणि पंधरा दिवसांनी एका रविवारी यायचे. दिवसभर तिला शेजारच्या झुंबरमावशी सांभाळायच्या. पाळणाघरात गार्गीला आणायची परवानगी नव्हती. मी दोनदा विचारलं होतं.

"स्वतःचं मूल समोर असलं की बाई दुसऱ्याच्या मुलाकडे बघत नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. "मला अनुभव आहे."

मी घरी पोहोचले की गार्गी दोन्ही हात वर करायची. मी तिच्यासमोर गुडघे टेकायचे. ती थोडा वेळ हात तसेच धरायची, मग खाली घ्यायची. मी कोपरांनी तिला उचलून बघितलं, ती घसरली. मांडीवर घ्यावं तर मांडी नव्हती.

"सकाळी परत येतात ना तुझे हात?" झुंबरमावशी म्हणाल्या. "मग तेव्हा घे की पोरीला."

"ते तिकडे येतात, मावशी. इकडे नाही."

पाळणाघरातला तक्ता मला पाठ होता. दहाव्या महिन्यात टाळी. झुंबरमावशी रोज गार्गीपुढे टाळ्या वाजवत बसायच्या, पण गार्गी त्यांच्याकडे बघायची नाही. ती माझ्या मनगटांकडे बघायची. एका संध्याकाळी मी चपला काढत होते तेव्हा तिने आपले हात फ्रॉकच्या बाह्यांत ओढून घेतले आणि बाह्यांची दोन मोकळी टोकं एकमेकांवर आपटली. आवाज आला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. बरोबर जमलं का, हे तिला विचारायचं होतं.

"शिकली गं बाई," झुंबरमावशी हळूच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात मिहिकाला सर्दी झाली आणि ती तीन दिवस आली नाही. हातही आला नाही. ऋग्वेदचे आजोबा डावा हात दुपारी आणून द्यायला लागले, मग एक दिवस विसरले. ईश्वरीच्या वडिलांनी फोन करून सांगितलं, पाहुणे आलेत, मांडी सोमवारनंतर पाठवतो. मी चौदा मुलांमध्ये नुसती उभी असायचे. मुलं माझ्या साडीला धरून झोपायची.

"मॅडम, मला माझे हात पाहिजेत," मी म्हणाले.

"मुलांना सवय झालीय, उज्ज्वलाताई. आता एकदम काढून घेतलं तर मुलांच्या मनावर परिणाम होतो." त्या तक्त्यावर खुणा करत होत्या. मिहिकाला आता चौकोनही येत होता.

"घर माझ्याही पगारावर चालतं म्हणून मी काही बोलत नाही."

"मग नका बोलू," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चांगलाच प्रेमळ होता.

रविवारी सकाळी गार्गीला ताप भरला. डॉक्टरांनी औषध दिलं, अंग पुसत राहा म्हणाले. झुंबरमावशी पुसत होत्या. पण गार्गी त्यांचा हात लागला की आकसायची. तिने हात बाह्यांत घेतले होते आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. रडत नव्हती. तिच्या न रडण्याने माझा धीर सुटला. दुपारी मी मिहिकाच्या घरी गेले आणि कपाळाने बेल दाबली.

"शू!" मिहिकाच्या आईने दार अर्धंच उघडलं. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"माझ्या मुलीला ताप आहे. एका दिवसापुरता हात द्या. उद्या स्वतः आणून देते."

ती ओशाळली. वाईट बाई नव्हती. मला आत नेलं, पाणी आणलं, पेला स्वतः माझ्या ओठांना लावला. मग आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला.

मिहिका पाळण्यात झोपली होती आणि माझा हात तिच्या छातीवर थोपटत होता. त्याच्या भेगा बुजल्या होत्या. नखांना फिकट गुलाबी रंग लावला होता. हा हात गेली अठरा वर्षं भांडी घासत होता, आणि त्याच्या भेगांना मी कधी साधं खोबरेल लावलं नव्हतं.

"तुम्हीच बोलवा," मिहिकाची आई म्हणाली. "माझं ऐकत नाही तो."

स्वतःच्या हाताला हाक कशी मारायची ते मला माहीत नव्हतं. मी पाळण्यावर वाकून म्हणाले, "चल. गार्गी आजारी आहे."

हात थांबला. बोटं थोडी वर उचलली गेली. मला वाटलं, आला. तेवढ्यात मिहिका झोपेत कण्हली, आणि हात पुन्हा थोपटायला लागला. मी दोनदा, तीनदा गार्गीचं नाव घेतलं. तो थोपटत राहिला, त्याच लयीत, जी मी त्याला शिकवली होती.

मी मनगट पाळण्याच्या कडेवर टेकवून तिथेच उभी राहिले. शेवटी मिहिकाच्या आईनेच मला दारापर्यंत आणून सोडलं.

सोमवारी पहाटे गार्गीचा ताप उतरला. सात वाजता झुंबरमावशींनी नेहमीसारखी माझी वेणी घातली. साडेसातला मॅडमचा फोन आला. मावशींनी तो माझ्या कानाशी धरला. "पाहणीला माणसं येणार आहेत, रिक्षा पाठवलीय, लवकर या," मॅडम म्हणाल्या. "मुलं खुश दिसली पाहिजेत."

निघण्याआधी मी गार्गीच्या गादीवर वाकले. ती जागी होती. तिने बाहीतून एक हात बाहेर काढला आणि माझी वेणी धरली.

"सोड गं बाळा, आईला उशीर होतोय," झुंबरमावशी म्हणाल्या. त्या एकेक बोट सोडवायला लागल्या. एक सुटलं की दुसरं मिटायचं.

"राहू द्या, मावशी. घेऊन ठेवेल ती."

मला खरंच तसं वाटत होतं. वेणी तिच्याकडे राहील, दिवसभर तिच्या मुठीत राहील, निदान एवढं तरी. मी डोळे मिटले आणि हळूहळू मागे सरले. डोक्याची कातडी ताणली गेली. कळ मानेपर्यंत गेली. माझं कुणाकडे काही जाताना आजवर दुखलं नव्हतं.

"उज्ज्वले, थांब," झुंबरमावशी ओरडल्या.

मी डोळे उघडले. वेणी निघाली नव्हती. मी आणखी सरळ झाले, आणि वेणीला धरून गार्गी गादीवरून वर आली. आधी डोकं, मग पाठ, मग पाय. बाहेरून रिक्षावाला हॉर्न देत होता. ती माझ्या छातीशी लोंबकळत होती, आणि तिने दुसरा हातही बाहीतून बाहेर काढला.