जाळीजवळचं कोपर

आलोशियस अंकलनी फोटो उलटा धरला आणि तसाच खिडकीपाशी नेला.

शर्ली खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. आगाशीच्या बाजारात अंकलचा स्टुडिओ होता तेव्हापासूनची त्यांची ही रीत. उलटा धरला की फोटोतली माणसं दिसेनाशी होतात, नुसता उजेड आणि सावली उरते, आणि मग काय चुकलंय ते लगेच कळतं, असं ते म्हणत. स्टुडिओ बंद होऊन वर्षं लोटली, तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. पण गासच्या चर्चच्या सणाआधी तिथल्या हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन लागतं, त्यातले फोटो अजूनही अंकलच निवडायचे. मोबाइलवर दाखवलेलं त्यांना चालत नसे. छापून आणायचा, स्वतः आणायचा, आणि ते बोलतील ते निमूट ऐकून घ्यायचं.

"म्हणजे आमच्या आगाशीला हरवलंत तो हा सामना," अंकल म्हणाले.

"शेवटचा पॉइंट, अंकल."

"मला खेळातलं काही कळत नाही, बाय. मला कडा कळतात."

त्यांनी फोटो सरळ केला आणि टेबलावर ठेवला. गासच्या मैदानावरची व्हॉलीबॉलची फायनल. कॅमेऱ्याकडे तोंड करून मार्क जाळीसमोर उंच उडालेला, दोन्ही हात वर, बोटं फाकलेली, आणि बोटांवर आदळून चपटा झालेला चेंडू. पोट सुटायला लागलेला, बँकेत दिवसभर खुर्चीत बसणारा तिचा नवरा त्या एका क्षणात पंचवीस वर्षांचा दिसत होता. शाळेतली गॅदरिंगं आणि भाचरांच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे सोहळे सोडले, तर कॅमेऱ्याने तिने दुसरं केलं काय होतं! आणि हा मात्र असा निघाला होता, की याखाली 'मार्क' आणि त्याखाली 'छायाचित्र : शर्ली' अशी पट्टी हॉलच्या मधल्या फळीवर लागायलाच हवी, असं तिने मनाशी ठरवलं होतं. सगळ्या गावाने ती वाचायला हवी होती. गावाबाहेरून येणाऱ्या एकीने तर नक्कीच.

"चेंडू चांगला पकडलास," अंकल म्हणाले. "चेहरा स्वच्छ आहे. ही जाळीची पट्टी कशी फुगलीये बघ, वारा भरल्यासारखी. जीव आहे फोटोत."

शर्ली खुर्चीत मागे टेकून बसली.

"आता हे सांग. हे कोपर कोणाचं?"

त्यांचं बोट डाव्या कडेवर होतं. तिथे, मार्कच्या उजव्या हाताच्या बोटांपासून जरा खाली, निळ्या बाहीतलं एक दुमडलेलं कोपर फोटोत घुसलं होतं. बाकीचं माणूस नव्हतं.

"पंचाचं," शर्ली म्हणाली. "खालच्या पंचाचं, खांबाजवळ उभा असतो त्या. मध्ये येत होतं, म्हणून कापलं."

"मग सगळं का नाही कापलंस?"

"अजून आत घेतलं तर मार्कची बोटं कापली जातात."

अंकल हसले. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने पुसला.

"माझा अर्धा धंदा यावर चालला. लग्नाचे अल्बम घेऊन माणसं यायची. अंकल, या काकाला काढा, आता आमचं बोलणं नाही. या मुलीला काढा, साखरपुडा मोडला. मी कात्रीने काढून द्यायचो. माणूस जायचं, पण कोणाच्या तरी खांद्यावर त्याचा हात राहायचा. तो हात काढावा, तर खांदा जायचा. ज्यांनी ज्यांनी कापून नेलं, त्यांची नजर पुढे जन्मभर त्या हातावरच गेली."

शर्लीचे कान तापले. म्हाताऱ्याला काय कळलं, किती कळलं, काही सांगता येईना. कळायला फार लागतही नव्हतं म्हणा. खालची पंच होती संजना. विरार पूर्वेला फुलपाड्यात राहणारी, तिथल्याच एका शाळेत खेळ शिकवणारी. कॉलेजात ती आणि मार्क एकाच क्लबात खेळायचे, आणि नुसते खेळायचेच नाहीत, हे शर्लीला तिच्याच साखरपुड्यात, तोंडात केक असताना, मार्कच्या एका मावशीने मोठ्या आपुलकीने सांगितलं होतं. दोन्ही घरांनी धर्म पुढे केला आणि ते तिथेच मिटलं. मिटलं म्हणायचं, पण संजनाने लग्न केलं नाही, आणि दरवर्षी पंच म्हणून गासला येणं सोडलं नाही. दरवर्षी शर्ली तिला सरबत नेऊन द्यायची, हसून बोलायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

"पुरा फोटो आण," अंकल म्हणाले. "आहे ना पर्समध्ये?"

होता. न कापलेलाही तिने छापून घेतला होता. का, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तिने तो काढून दिला.

हा त्यांनी उलटा धरलाच नाही. भिंग काढलं आणि डाव्या कडेवर वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले. खांबाशेजारी संजना उभी होती. गुडघे किंचित वाकलेले, ओठांत शिटी, एक हात शिटीपाशी, त्याचंच ते कोपर. केसांची बट तोंडावर आलेली.

"अगं, हा फोटो आहे," अंकल हलकेच म्हणाले. "तो एकटा उडतोय, तर नुसता उडतोय. कोणीतरी श्वास रोखून बघतंय, म्हणून तो उंच वाटतो. या बाईचे गाल बघ. सगळा श्वास आत भरून घेतलाय, सोडलेला नाही. हा दिलास तर मधल्या फळीवर लावतो. कापलेला दिलास तरी लावीन, पण दाराजवळ. रविवारपर्यंत सांग."

बसमध्ये शर्ली पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. तिला रडू येत होतं, आणि रागही येत होता. तिने काढलेला फोटो, तिचा नवरा, आणि फोटोत जीव म्हणे त्या बाईमुळे! मधली फळी हवी तर संजनाला मानाने आत घ्यायचं. सणाला ती येणार, स्वतःला मार्कच्या शेजारी भिंतीवर बघणार, आणि खाली नाव कोणाचं? शर्लीचं. तिने स्वतःच्या हाताने त्या दोघांना एका चौकटीत बसवल्यासारखं. नालासोपाऱ्याचा थांबा गेला तरी तिच्या लक्षात आलं नाही. पुढच्या थांब्यावर उतरून ती उन्हातून मागे चालत आली.

घरी पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं. मार्कला पुरा फोटो दाखवायचा आणि आपण फोटोकडे नाही, मार्ककडे बघायचं. त्याची नजर आधी कुठे जाते ते बघायचं. त्याच्याकडून आजवर कधी काही कळलं नव्हतं, विचारलं की तो हसायचा आणि म्हणायचा, "जुनं झालं गं ते." डोळे तरी खरं सांगतील.

संध्याकाळी तो आला, चहा झाला, तेव्हा तिने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला.

"अंकलना आवडला. बघ तरी."

मार्क वाकला. त्याची नजर आधी स्वतःवर गेली. तशी ती कोणाचीही जाते. तो हसलाही, "पोट लपलंय," म्हणाला. मग नजर हातावर गेली, जाळीवर, आणि मग डावीकडे सरकली. आणि तिथेच राहिली. हसू गेलं.

शर्लीला वाटलं, हे बघायला आपण उगाच थांबलो.

"हा टच आहे," मार्क म्हणाला.

"काय?"

"नेट टच. माझा हात बघ. पट्टी किती आत दाबली गेलीये."

शर्लीने पाहिलं. मार्कच्या उजव्या मनगटाखाली पांढरी पट्टी वाकली होती आणि तिच्याखाली जाळी फुगली होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, हात जाळीला लागला की पॉइंट जातो हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण या फोटोत तिला ते दिसलंच नव्हतं. डाव्या कडेवरून तिची नजर हटली असती, तर दिसलं असतं.

"वारा असेल. अंकलही वाराच म्हणाले."

"वारा नाही गं. मला तेव्हाच कळलं होतं." तो खुर्ची ओढून बसला. "आगाशीवाले ओरडत होते ना, टच, टच? वरच्या पंचाला दिसलं नाही. त्याने हिला विचारलं. हिने मान हलवली, नाही म्हणाली. मी गप्प राहिलो. मला वाटलं, हिच्या नजरेतून सुटलं."

त्याने बोट पडद्यावर ठेवलं. संजनाचे डोळे चेंडूवर नव्हते, मार्कच्या चेहऱ्यावरही नव्हते. सरळ त्या हातावर होते, पट्टीला टेकलेल्या. ओठांत शिटी, गाल भरलेले.

"कॉलेजात माझ्याविरुद्ध पहिली शिटी हीच वाजवायची," मार्क म्हणाला. "कधी सोडलं नाही मला."

एवढं बोलून तो उठला, माठातलं पाणी घेतलं आणि ग्लास हातात धरून तसाच उभा राहिला. प्यायला नाही. शर्लीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, की टच बघूनही शिटी वाजवली नाही, ही गोष्ट जगात एकट्या संजनाला ठाऊक होती, तिने ती कोणालाही सांगितली नसती, मार्कलाही नाही. ती त्याच्यापर्यंत आणून पोचवली आपण.

"हा कुठे लावणार आहेत?"

"हॉलमध्ये. मधल्या फळीवर."

"सणाला आगाशीचे सगळे येतील."

"येतील ना. दरवर्षी येतात."

"खेळणाऱ्या कोणीही बघितलं की ओळखेल. पुन्हा तिला कोणी पंच म्हणून उभी करणार नाही, शर्ली. शाळेतही बोलतील."

तर बोलू देत, हे शर्लीच्या अगदी ओठांवर आलं. एक फोटो, आणि दरवर्षीचं ते सरबत नेऊन देणं कायमचं संपलं असतं. तिला काही करावंही लागलं नसतं. अंकलना फक्त हो म्हणायचं होतं.

मार्कने ग्लास ठेवला आणि तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"तिला काप ना," तो म्हणाला.

अशा आवाजात त्याने तिच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं.

"टच तरीही दिसेलच," शर्ली म्हणाली.

"दिसू दे. तो मी केलाय. तिने बघितलेलं दिसायला नको."

तिने फोटोची डावी कड धरली आणि आत ओढली. हात सरावलेला होता. आधी खांब गेला, मग केसांची बट, भरलेले गाल, शिटी. निळी बाही तेवढी उरली, दुमडलेली.

"कोपर राहतंय," ती म्हणाली.

"अजून आत घे."

"तुझी बोटं जातील."

"जाऊ देत," मार्क म्हणाला.